खातं कुणाच्या नावावर?

गुरुचरित्राच्या विसाव्या अध्यायात शिरोळची एक बाई येते. नवरा गंगाधर नावाचा ब्राह्मण. बाईची ओळख त्याची बायको एवढीच. तिला मुलं होत आणि जात. अशी पाच गेली. व्रतं झाली, उपासतापास झाले, देवधर्म झाला. शेवटी एका जाणत्या ब्राह्मणानं तिला कारण सांगितलं. मागल्या जन्मी तिनं एका शौनकगोत्री ब्राह्मणाकडून शंभर घेतले आणि बुडवले. त्यानं जीव दिला, त्याचं पिशाच झालं आणि तेच आता तिची मुलं मारतं आहे. उपाय हाच की कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर जायचं, नदीत स्नान करायचं, औदुंबराला पाणी घालून प्रदक्षिणा घालायच्या, महिनाभर सेवा करायची आणि शेवटी त्याच गोत्राच्या ब्राह्मणाला शंभराचं दान द्यायचं.

बाई गेली. ते ठिकाण म्हणजे आजची नृसिंहवाडी, शिरोळहून चालत जाता येईल इतक्या अंतरावर. तिथं स्वप्नात पिशाच वसुलीला आलं, ती औदुंबराकडे धावली आणि नृसिंहसरस्वतींनी मध्ये पडून तो व्यवहार मिटवला. तिच्या ओटीत दोन नारळ पडले, यथावकाश दोन मुलगे झाले. थोरला मुंजीच्या वयाला आला आणि अचानक गेला. एकविसाव्या अध्यायात ही आई प्रेत सोडायला तयार नाही. लोक समजावून थकतात. एक ब्रह्मचारी येऊन जन्ममरणाचा सगळा उपदेश करतो. ती तो ऐकून घेते आणि उलट विचारते की असं होतं, तर वर दिला कशाला? प्रेत घेऊन ती औदुंबरापाशी जाते आणि पादुकांवर डोकं आपटते. ग्रंथात शेवटी मूल उठून बसतं.

श्रद्धेनं पारायण करणाऱ्याला या कथेत गुरुकृपा दिसते आणि ती त्यानं पाहावी. या प्रकरणापुरतं आपण दुसरीकडे बघू. मुलं दोघांची होती, गेली तीही दोघांची. मागल्या जन्मीचं देणं मात्र एकट्या बाईच्या खात्यावर पडलं. गंगाधरपंतांच्या मागल्या जन्माची चौकशी कुणी केली नाही.

गुरुचरित्र लिहिलं गेलं त्याला सुमारे पाचशे वर्षं झाली. मूल होत नसलेल्या घरात कर्जाचं खातं अजूनही त्याच नावावर उघडलं जातं. मूल हवं असणं आणि ते न होणं हे दुःख आहेच. त्या दुःखाचा निम्मा भार मात्र या खात्याचा असतो, आणि तो निसर्गानं घातलेला नाही.

सुतक नसलेलं दुःख

शिरोळ हा चार नद्यांचा तालुका. कृष्णा, पंचगंगा, वारणा आणि दूधगंगा. काळी जमीन, ऊस, सहकारी साखर कारखाने, जयसिंगपूरची बाजारपेठ. दुखलंखुपलं की माणसं सांगली-मिरज नाहीतर कोल्हापूर गाठतात. डॉ. वानलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत इस्पितळ काढलं, तेव्हापासून मिरज हे या भागाचं दवाखान्याचं गाव. त्यामुळे मूल हवं असलेल्या इथल्या बाईच्या दोन वाटा ठरलेल्या असतात. एक नृसिंहवाडीला, म्हणजे वाडीला जाते, दुसरी मिरजेला. बहुतेक जणी दोन्ही चालतात, आणि त्यात विसंगत काही नाही. वाडीला प्रदक्षिणा घालणारी बाई कशासाठी घालते आहे, हे शेजारून जाणारा विचारत नाही. तेवढा निवांतपणा तिला स्वतःच्या घरात मिळत नाही.

घरात काय होतं, ते एका डोहाळजेवणात बघा. असं डोहाळजेवण या पट्ट्यातल्या कुठल्याही गल्लीत होतं. धाकट्या जावेला सातवा लागलेला. अंगणात मांडव, फुलांनी मढवलेला झोपाळा, हिरवी साडी, फुलांची वाडी. ओटी भरायला पाच सवाष्णी हव्यात. आत्त्याबाई नावं घेत बोटं मोजतात. चार होतात. पाचवी समोरच उभी असते, घरातली थोरली सून, लग्नाला आठ वर्षं झालेली. आत्त्याबाईंचं बोट क्षणभर थांबतं. मग त्या म्हणतात, "तू जरा च्याचं बघ जा की गं, माणसं खोळंबल्यात." पाचवी म्हणून शेजारची एकजण बोलावली जाते. कुणी वाकडं बोललेलं नसतं, त्यामुळे रागवायला जागाही नसते. थोरली स्वयंपाकघरात जाऊन दुधाचं पातेलं गॅसवर चढवते. बाहेर झाकलेल्या दोन वाट्यांपैकी एक उघडायची वेळ येते, पेढा की बर्फी, आणि बायकांचा हसण्याचा आवाज येतो. ती दुधाकडे बघत उभी राहते. संध्याकाळी पाहुण्यांची भांडीही तीच आवरते.

यातलं दुखणं नेमकं काय, हे सांगणं तिला अवघड जातं. मूल जन्मून गेलं तर घर रडतं, माणसं भेटायला येतात, दुःखाला दिवस ठरवून दिलेले असतात. जे आलंच नाही त्याचं सुतक कुणी पाळत नाही. इथं तर ते दर महिन्याला घडतं. पाळी दोन दिवस लांबली की बाई मनातल्या मनात महिने मोजू लागते. तिसऱ्या दिवशी पाळी येते आणि मोजणं मोडतं. सकाळी मात्र डबा, धार, शाळा किंवा मजुरी जे काही असेल ते चालूच असतं. केनेथ डोका या अमेरिकन अभ्यासकानं १९८९ मध्ये अशा दुःखांवर लिहिलं. समाज ज्या दुःखाला दुःख म्हणून मान्यता देत नाही, ते माणसाला उघडपणे भोगता येत नाही, आणि म्हणून ते लवकर सरत नाही, असं त्याचं म्हणणं. १९९३ मध्ये ॲलिस डोमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वंध्यत्वासाठी उपचार घेणाऱ्या स्त्रियांची मानसिक स्थिती इतर रुग्णांशी ताडून पाहिली. त्यांच्यातलं नैराश्य आणि चिंता कर्करोगाच्या किंवा हृदयविकाराच्या रुग्णांच्या जवळपास निघाली. कर्करोग झालेल्या बाईला 'अजून काही विशेष नाही का?' असं लग्नाच्या पंगतीत कुणी विचारत नाही, एवढा फरक.

गर्भ राहून पडणं, एक मूल झाल्यावर दुसरं न होणं, मूल जन्मून न जगणं, या प्रत्येकाचं दुःख वेगळं आहे. जुन्या ग्रंथांनीही वंध्या, काकवंध्या आणि मृतवत्सा असे भेद केले होते. शिरोळची ती बाई यातली मृतवत्सा. भेद बारकाईनं केले खरे, पण तिन्ही नावं बाईचीच आहेत. 

फाईल बाईची

आता मिरजेच्या वाटेनं जाऊ. जागतिक आरोग्य संघटनेची व्याख्या सोपी आहे. वर्षभर किंवा त्याहून जास्त काळ नियमित संबंध असून आणि कुठलंही साधन न वापरता गर्भ राहत नसेल, तर त्याला वंध्यत्व म्हणावं. बाईचं वय पस्तिशीच्या पुढे असेल तर वर्षभर न थांबता सहा महिन्यांनीच तपासून घ्यावं. याच संघटनेनं २०२३ मध्ये जगभरच्या पाहण्यांवरून काढलेला अंदाज असा की दर सहा माणसांत एकाला आयुष्यात कधी ना कधी हा अनुभव येतो. म्हणजे हे कुणा एका घरावरचं गंडांतर नाही. ज्या पंगतीत तो प्रश्न विचारला जातो, त्या पंगतीत आणखी चारपाच जण मान खाली घालून जेवत असतात.

कारणांचा हिशेब काय सांगतो? ढोबळमानानं एक पंचमांश जोडप्यांत कारण फक्त पुरुषाकडे असतं आणि आणखी तीस-चाळीस टक्क्यांत पुरुषाकडचं कारण बाईकडच्या कारणात भर घालतं. म्हणजे निम्म्या घरांत नवऱ्याचा वाटा असतोच. काही जोडप्यांत सगळे रिपोर्ट बरोबर येऊनही कारण सापडत नाही. तरी दवाखान्यात फाईल उघडली जाते ती बहुतेक वेळा बाईच्या नावानं. तिच्या पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी रक्त काढलं जातं. बीज फुटतं का हे पाहायला एक दिवसाआड सोनोग्राफी होते. नळ्या उघड्या आहेत का, हे पाहायला गर्भाशयात औषध सोडून एक्स-रे काढतात. त्याला एचएसजी म्हणतात आणि ती दुखते. गरज पडली तर पोटाला छेद देऊन दुर्बिणीतून बघतात. पीसीओएस, थायरॉईड, एन्डोमेट्रिओसिस, नळ्यांना झालेला जुना संसर्ग, अशी एकेक शक्यता तपासली जाते. आपल्याकडे नळ्या बंद होण्यामागे क्षयरोग हे एक महत्त्वाचं कारण आहे. हा क्षय खोकल्याशिवाय, कुणाला पत्ता न लागता गर्भाशयात आणि नळ्यांत बसून राहू शकतो.

नवऱ्याची पहिली तपासणी यापुढे किती छोटी आहे बघा. दोन ते सात दिवस संबंध टाळायचे, एका डबीत वीर्य द्यायचं, आणि त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी रिपोर्ट घ्यायचा. सुई नाही, भूल नाही, खर्चही काही शेकड्यांत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या पुस्तिकेप्रमाणे एका मिलिलिटरमध्ये एक कोटी साठ लाख शुक्रजंतू ही खालची मर्यादा धरतात. त्याखाली आकडा आला म्हणजे मूल होणारच नाही असं नाही, पण शोध त्या दिशेनं घ्यायला हवा. शुक्रजंतू तयार व्हायला अडीच महिन्यांच्या आसपास लागतात. म्हणून मोठा ताप येऊन गेला असेल तर रिपोर्ट बिघडलेला दिसतो आणि काही आठवड्यांनी पुन्हा तपासावं लागतं. अंडकोशाच्या शिरा फुगणं, वयात आल्यावर झालेले गालगुंड, तंबाखू-मावा, भट्टीची उष्णता ही कारणं डॉक्टर विचारतात. कोल्हापूरच्या मातीत आणखी एक विचारायला हवं. अंग कमवायला म्हणून जी टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं घेतली जातात, ती शुक्रजंतू वाढवत नाहीत. ती मेंदूकडून येणारा हुकूमच थांबवतात आणि शुक्रजंतूंची निर्मिती जवळजवळ बंद पडू शकते. बाहेरून पैलवान दिसणाऱ्या माणसाचा आकडा शून्यावर येऊ शकतो.

शेतीच्या औषधांबद्दलही एक घडलेली गोष्ट शेतकऱ्यांच्या तालुक्यात सांगण्यासारखी आहे. १९७७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या लॅथ्रोप इथल्या कारखान्यात डीबीसीपी हे सूत्रकृमी मारणारं औषध तयार होत असे. तिथल्या कामगारांच्या आपसातल्या बोलण्यात आलं की कितीतरी जणांना मूलच होत नाहीये. तपासणी झाली तेव्हा अनेकांचे शुक्रजंतू कमी किंवा नाहीसे झालेले निघाले, आणि दोन वर्षांत अमेरिकेत त्या औषधावर जवळपास सगळीकडे बंदी आली. ते पुरुष एकमेकांशी बोलले म्हणून हे उघड झालं. प्रत्येकानं तोवर घरी बायकोकडेच बोट दाखवलं असतं तर ते औषध आणखी काही वर्षं खपलं असतं.

पुरुषाचं मौन

एवढी सोपी तपासणी पुरुष का टाळतो? 'माझ्यात काय खोट न्हाई' हे वाक्य डॉक्टरांच्या ओळखीचं आहे. त्यामागे गर्व कमी आणि भीती जास्त असते. संबंध ठेवता येणं आणि मूल होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. शुक्रजंतू कमी म्हणजे नामर्द, असा त्याचा समज असतो आणि चावडीचाही. म्हणून रिपोर्ट हातात आला तरी तो घडी करून पाकिटात जातो. कितीतरी घरांत दोष नवऱ्याकडे असल्याचं फक्त त्या दोघांना आणि डॉक्टरला माहीत असतं, आणि सासूचे बोल बायको ऐकून घेते. नवऱ्याची अब्रू झाकायची म्हणून ती दुसऱ्याचं देणं वर्षानुवर्षं स्वतःच्या नावावर ठेवते.

यात पुरुषालाही सुख नसतं. बायको आईजवळ, बहिणीजवळ, निदान वाडीच्या औदुंबराजवळ रडते. त्याला तेवढीही जागा नसते. मित्रांच्या पोरांच्या बारशांना, जावळांना तो हजेरी लावून येतो आणि रात्री उशिरा घरी परततो. डॉक्टर तारखा ठरवून देतात आणि दोघांमधली जवळीक औषधाच्या वेळापत्रकासारखी होते. ज्या रात्री दोघांनी एकमेकांना धरून बसायला हवं, त्याच रात्री एकमेकांचं तोंड चुकवावंसं वाटतं. उपचारांचा खर्च ऊसबिलातून निघत नाही, मग सोनं गहाण पडतं, नाहीतर सोसायटीचं कर्ज वाढतं. पैसे संपले हे सांगताना माणसाला आपण बायकोला मूल नाकारतो आहोत असं वाटत राहतं.

'टेन्शन घेऊ नको, होईल'

खात्यावर आणखी एक नोंद पडते, आणि ती प्रेमानं पडते. शेजारीण सांगते, मावशी सांगते, कधी दवाखान्यातही कुणी सांगतं: टेन्शन घेतेस म्हणून राहत नाही. पूर्वी मागल्या जन्मीचं पाप होतं, आता या जन्मीचं टेन्शन आहे. दोन्हीत जबाबदार तीच.

हे खरं आहे का, याचा शोध घेतला गेला आहे. कार्डिफ विद्यापीठातल्या जॅकी बोईविन आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये चौदा अभ्यासांचा एकत्रित हिशेब मांडला. त्यात उपचार घेणाऱ्या साडेतीन हजारांवर स्त्रिया होत्या. उपचाराआधी ज्या जास्त चिंतेत किंवा निराश होत्या, त्यांना त्या खेपेला गर्भ राहण्याची शक्यता कमी होती का? तसं दिसलं नाही. बाईच्या काळजीमुळे उपचार फसतो, या समजाला त्यातून आधार मिळाला नाही. मनाची काळजी घ्यायलाच हवी, कारण मन दुखतं आहे. मूल व्हावं म्हणून हसत राहण्याची सक्ती तिच्यावर नको.

आयव्हीएफ: आशा आणि तिचा हिशेब

शरीराबाहेर गर्भधारणा झालेलं जगातलं पहिलं मूल २५ जुलै १९७८ रोजी इंग्लंडमध्ये ओल्डहॅमला जन्मलं. त्यानंतर सत्तर दिवसांनी, ३ ऑक्टोबर १९७८ ला, कोलकात्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या प्रयत्नातून दुसरी मुलगी जन्मली. त्यांच्यावर कुणी विश्वास ठेवला नाही. सरकारी समितीनं त्यांचं काम झिडकारलं, त्यांची बदली झाली, आणि १९८१ च्या जूनमध्ये त्यांनी आत्महत्या केली. ६ ऑगस्ट १९८६ ला मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि शास्त्रज्ञ टी. सी. आनंद कुमार यांच्या चमूच्या प्रयत्नांतून मुलगी जन्मली आणि भारतातलं पहिलं शास्त्रीय नोंद असलेलं टेस्ट ट्यूब बाळ म्हणून ती ओळखली गेली. पुढे मुखोपाध्यायांची टिपणं वाचल्यावर पहिला मान त्यांचा, हे जाहीरपणे सांगणारे आनंद कुमारच होते. १९९२ मध्ये ब्रुसेल्सहून इक्सी हे तंत्र आलं. त्यात एकच शुक्रजंतू सुईनं बीजात सोडतात. अगदी कमी शुक्रजंतू असलेल्या पुरुषांनाही त्यामुळे स्वतःचं मूल शक्य झालं.

ही आशा खरी आहे, पण तिचा हिशेब जाहिरातीत पूर्ण येत नाही. पस्तिशीच्या आतल्या बाईलाही एका खेपेला यश येण्याची शक्यता साधारण तिघींत एकीला, आणि चाळिशीकडे ती झपाट्यानं उतरते. एका खेपेचा खर्च बहुधा लाखाच्या पुढेच जातो. पोटात रोज घ्यायची इंजेक्शनं, भूल देऊन बीज काढणं, गर्भ आत सोडणं, आणि त्यानंतरचे दोन आठवडे. या दोन आठवड्यांत करण्यासारखं काही नसतं. बाई चालताना जपून पाऊल टाकते, कूस बदलताना विचार करते, वॉशरूममध्ये जायला घाबरते. चौदाव्या दिवशी रक्त दिलं जातं आणि संध्याकाळी फोन येतो. 'निगेटिव्ह' हा शब्द ऐकला की ती पहिल्यांदा विचारते, माझं काय चुकलं? जिना चढले म्हणून? पपई खाल्ली म्हणून? अनेकदा गर्भ रुजत नाही तो त्याच्या गुणसूत्रांतल्या दोषामुळे. जिन्याचा त्याच्याशी संबंध नसतो. हे त्या संध्याकाळी तिला फोनवर कुणीतरी सांगायला हवं.

२०२१ चा सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान कायदा २५ जानेवारी २०२२ पासून लागू झाला. त्यानं उपचारासाठी बाईचं वय २१ ते ५० आणि पुरुषाचं २१ ते ५५ असं ठरवलं, क्लिनिकना नोंदणी बंधनकारक केली, आणि जोडप्याला व्यावसायिक समुपदेशन देणं हे क्लिनिकचं कर्तव्य केलं. यशाची खरी शक्यता आणि धोके समजावून सांगणं हा त्याचाच भाग. उपचार कुठं थांबवायचे हा प्रश्नही तिथं मोकळेपणी विचारता आला पाहिजे. थांबणं म्हणजे हरणं नव्हे, हे ऐकायला काही जोडप्यांना अनेक वर्षं लागतात, कारण तसं सांगणारं कुणी भेटत नाही.

सवत आणि दत्तक

मूल नाही म्हणून दुसरी करायची, हा उपाय आजीच्या पिढीला तोंडपाठ होता. मुंबई प्रांतानं १९४६ च्या कायद्यानं हिंदू पुरुषाच्या दुसऱ्या लग्नाला बंदी केली. ते प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं. १९५१ च्या नरसू अप्पा माळी खटल्यात युक्तिवाद झाला की पुत्राशिवाय हिंदूला गती नाही, म्हणून दुसरी बायको हा धर्माचा भाग आहे. सरन्यायाधीश छागला आणि न्यायमूर्ती गजेंद्रगडकर यांनी कायदा उचलून धरला. पुत्रच हवा असेल तर हिंदू धर्मात दत्तकाची सोय आहेच, हे छागलांचं उत्तर होतं. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यानं ही बंदी देशभर नेली. मूल न होणं हे त्या कायद्यात घटस्फोटाचं कारण नाही, हेही शिरोळच्या प्रत्येक सुनेला माहीत असावं.

दत्तकाच्या बाबतीत तर कोल्हापूरनं कुणाकडून शिकायची गरज नाही. करवीरच्या गादीवर १८६६, १८७१ आणि १८८४ असे लागोपाठ तीन राजे दत्तक आले. त्याआधी १८४८ मध्ये साताऱ्याचं आणि १८५४ मध्ये झाशीचं दत्तकविधान कंपनी सरकारनं नाकारलं होतं आणि ती राज्यं गिळली होती, तेव्हा या तीन विधानांची किंमत लक्षात घ्यावी. १७ मार्च १८८४ ला राणी आनंदीबाईंनी कागलच्या जयसिंगराव घाटग्यांचा दहा वर्षांचाही न झालेला यशवंत दत्तक घेतला. तेच राजर्षी शाहू महाराज. पुढे शिरोळच्या मुलखात रेल्वेजवळ त्यांनी व्यापारी पेठ वसवली आणि तिला आपल्या जन्मदात्याचं नाव दिलं, जयसिंगपूर. दत्तक गेलेला मुलगा बापाला विसरला नाही आणि त्यानं गादीशीही बेइमानी केली नाही. 'परक्याचं रक्त ते परक्याचंच' असं जयसिंगपूरच्या बाजारात उभं राहून म्हणणाऱ्यानं गावाच्या पाटीकडे बघावं.

अर्थात राजाचा दत्तक गादीसाठी होता, तो मुलगाच लागे आणि बहुधा भाऊबंदांतून येई. मुलगी दत्तक घेण्याची मोकळीक हिंदूंना १९५६ च्या कायद्यानं दिली. विवाहित बाईला नवऱ्याच्या संमतीनं स्वतःच्या नावानं दत्तक घेण्याचा हक्क मिळायला २०१० उजाडलं. म्हणजे मूल न होण्याचा दोष तिच्या नावावर शतकानुशतकं होता, पण मूल घेण्याचा अधिकार तिच्या नावावर येऊन जेमतेम दीड दशक झालं. अनाथ किंवा सोडून दिलेलं बाळ दत्तक घ्यायचं तर आता 'कारा' या केंद्रीय प्राधिकरणाच्या पोर्टलवर नोंदणी करायची. जोडप्याच्या लग्नाला दोन वर्षं झालेली असावीत, दोघांची संमती असावी, आणि दोन वर्षांच्या आतलं मूल हवं तर दोघांच्या वयाची बेरीज ८५ च्या आत हवी. रांग मोठी आहे, काही वर्षं थांबावं लागतं. म्हणून उपचार चालू असतानाच या वाटेची माहिती करून घेणं शहाणपणाचं. दत्तक हे मनाला लावायचं मलम मात्र नाही. न झालेल्या मुलाचं दुःख आधी मोकळं व्हावं, मग येणारं मूल त्याच्या स्वतःच्या हक्कानं घरात यावं.

नाव खोडताना

वाचणारे तुम्ही यातले कुणीही असाल. मूल हवं असलेलं जोडपं असाल तर पहिल्या भेटीलाच दोघं जा आणि पहिली तपासणी नवऱ्याची करा. ती सगळ्यात स्वस्त आहे आणि सगळ्यात कमी दुखते. रिपोर्ट कुणाचाही बिघडलेला असो, घरात सांगताना 'आमच्यात' म्हणा. किती खेपा आणि किती पैसे, हे सुरू करण्याआधी कागदावर लिहा, म्हणजे थांबायची वेळ आली की ती तुमची तुम्ही ठरवलेली असेल. क्लिनिकमध्ये समुपदेशन मागा, तो उपकार नाही. झोप उडाली असेल, जगावंसं वाटत नसेल तर १४४१६ या टेलिमानसच्या क्रमांकावर कधीही, मोफत, मराठीत बोलता येतं.

सासू, आत्या, शेजारीण किंवा मित्र असाल तर तुमचं काम आणखी सोपं आहे. विचारू नका. सांगावंसं वाटलं तर ती सांगेल. आणि पुढच्या डोहाळजेवणात पाच सवाष्णी मोजताना थोरल्या सुनेचं नाव पहिलं घ्या. तिच्या ओटी भरण्यानं कुणाचं बाळ दृष्टावत नाही. आजवर त्यानं कुणाचं काही बिघडल्याचं कुठल्याही शास्त्रात नमूद नाही.